रक्ततपासणीचा अहवाल आणि आपला निर्णय

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आम्ही चौघे एकत्र बसलो. आम्ही चौघेही याच शाळेच्या वसतिगृहांत वाढलो. आज आमच्यापैकी दोघे प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, एक भगिनी परिचारिका आहेत आणि एक जण जिल्हा पातळीवर सिकलसेल समुपदेशनाचे काम करतात. आहार, व्यायाम, निर्व्यसनीपणा यांवर लिहिणे सोपे झाले असते. परंतु मागील माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नव्हता. ज्यांच्यासंबंधी तो आहे त्या वर्गमित्राची अनुमती घेऊन, नाव न देता, तो येथे मांडत आहोत.

दुपारच्या भोजनानंतर हे मित्र सतरा पानांचा एक गुळगुळीत अहवाल घेऊन आमच्याकडे आले. 'संपूर्ण शरीर तपासणी' या नावाने बहात्तर तपासण्या सवलतीत मिळाल्या होत्या. घरी येऊन रक्त नेले होते आणि दुसऱ्या दिवशी अहवाल मोबाईलवर हजर. त्यातील नऊ आकडे तांबड्या अक्षरांत छापलेले होते. त्या नऊ आकड्यांनी त्यांची झोप उडाली होती. 'ड' जीवनसत्त्व कमी, म्हणून औषध दुकानातून स्वतःच आणलेल्या साठ हजार युनिटच्या पुड्या ते कित्येक महिने घेत होते. याच मेळाव्यात त्यांच्या कन्येच्या लग्नाची बोलणी आणखी एका जुन्या विद्यार्थ्याच्या घराशी सुरू झाली होती, ही गोष्टही त्यांनी आनंदाने सांगितली. अहवालाच्या नवव्या पानावर काळ्याच शाईत, बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी वाचलेली नव्हती. त्या ओळीकडे आपण पुढे येऊ.

प्रथम तांबड्या आकड्यांविषयी. प्रत्येक तपासणीपुढे जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती निसर्गाने आखून दिलेली रेषा नव्हे. बहुतेक तपासण्यांत ती अशी ठरते : निरोगी माणसांचा एक गट घ्यावयाचा, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडावयाचे आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात त्याला सामान्य म्हणावयाचे. म्हणजेच पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभरांतील पाच जण व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. एकाच निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांतील किमान एक तरी तांबडी येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींशी निगडित असल्याने हिशेब तंतोतंत असाच राहत नाही. परंतु बहात्तर तपासण्या करून एकही आकडा तांबडा न येणे हेच अधिक नवलाचे, एवढे त्यातून कळावे.

याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. आमची उपजीविकाच तिच्यावर चालते! आमचे म्हणणे एवढेच की, रक्त देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा आकडा कमी आला तर मी काय करीन आणि जास्त आला तर काय करीन? दोन्ही वेळी उत्तर एकच येत असेल, तर त्या तपासणीने पैशाखेरीज काहीही बदलणार नाही. 'ड' जीवनसत्त्वाचेच पाहा. हाडांचे दुखणे, मूत्रपिंडाचा आजार, काही विशिष्ट औषधे अशी कारणे असतील तर ही तपासणी अवश्य करावी. परंतु धडधाकट प्रौढांत ती सरसकट करू नये, असेच अंतःस्रावी विज्ञानाच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. उलट त्या पुड्या वैद्यकीय देखरेखीशिवाय दीर्घकाळ घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

अलीकडे शहरांतून 'फंक्शनल' या नावाखाली आणखी काही तपासण्या विकल्या जातात. रक्तातील आयजीजी प्रतिद्रव्ये मोजून 'तुम्हाला गहू, दूध, अंडी चालत नाहीत' अशी शंभर पदार्थांची यादी हाती देणारी तपासणी ही त्यांपैकी एक. आयजीजी हे आपण तो पदार्थ खाल्ला आहे, शरीराला त्याची ओळख आहे, एवढेच सांगते. त्याने आजार ठरत नाही. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ सालीच ही तपासणी अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी वापरू नये, असे स्पष्ट केले आहे. ज्या घरात मुलांना दूध आणि अंडे मुश्किलीने मिळते, त्या घराने अशा यादीपायी तेही बंद करावे, याहून वाईट व्यवहार कोणता?

आता नवव्या पानावरील ती ओळ. मधुमेहासाठी एचबीए१सी ही जी तपासणी करतात, ती पुष्कळ प्रयोगशाळांत एचपीएलसी या यंत्रावर होते. हे यंत्र रक्तातील हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार वेगळे करून आलेखावर दाखविते. मित्राच्या आलेखावर एक अनपेक्षित शिखर उमटले होते आणि तंत्रज्ञाने इमानाने लिहिले होते : हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असण्याची शक्यता, पुढील तपासणी करावी. बहात्तर तपासण्यांच्या गदारोळात त्या कुटुंबाचे भवितव्य ठरविणारी ओळ हीच होती. मित्र सिकलसेलचे वाहक होते. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना ते ठाऊक नव्हते.

हा विषय आपल्या घरात नवा नाही. त्याचे नाव मात्र आपण घेत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, इतक्या बारीक बदलातून हा आजार उद्भवतो. प्राणवायू कमी झाला की अशा हिमोग्लोबिनच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांत संपते. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील, विशेषतः त्या काळी महार म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. म्हणजे आपल्या लोकांच्या रक्तातील ही गोष्ट जगाला कळून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. विदर्भातील बौद्ध समाजात, गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत, तसेच कुणबी, तेली अशा इतर समाजांतही ती आढळते. नंदुरबारकडे भिल्ल आणि पावरा समाजांत आढळते. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत ही जनुके टिकून राहिली, कारण वाहकाला मलेरियाच्या गंभीर रूपापासून काहीसे संरक्षण मिळत असे. हा कोणाच्या कुळाचा कलंक नव्हे. आपल्या पूर्वजांनी ज्या रोगाशी झुंज दिली, त्याची ही खूण आहे.

वसतिगृहातील जुन्या मंडळींना आमच्या खोलीतील एक मुलगा आठवत असेल. थंडी पडली की त्याचे गुडघे आणि कोपरे दुखत. पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीनंतर तर तो उठू शकत नसे. डोळे नेहमी पिवळसर. कावीळ म्हणून त्याला दोनदा झाडपाल्याचे औषध देऊन आणले होते. कवायतीला दांडी मारतो म्हणून आम्हीच त्याला चिडवीत असू. आठवीनंतर तो परतला नाही. त्याच्या मृत्यूची वार्ता आम्हाला फार उशिरा कळली. आणि पुढे आमच्यापैकी दोघांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराची पेशी पाहिली, तेव्हा त्याला काय झाले असावे हे ध्यानात आले. त्या काळी तपासणी नव्हती असे नाही. ती करावी हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते.

आज ही तपासणी किती सोपी आहे, हे सांगितले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी विनामूल्य केली जाते. रक्त एका विशिष्ट द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागे धरलेल्या कागदावरील रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, असे समजतात. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही, म्हणून ती सकारात्मक आल्यास एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी करावी लागते. सहा महिन्यांखालील बाळांत सोल्युबिलिटीवर विसंबू नये आणि नुकतेच रक्त चढविलेल्या माणसाची कोणतीही हिमोग्लोबिन तपासणी दात्याच्या पेशींमुळे फसवू शकते. तीन-चार महिने थांबणे बरे. अंतिम अहवालात तीन शब्दांपैकी एक येतो. एए म्हणजे निर्दोष, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावयाची असते. साखरेप्रमाणे दर वर्षी नव्हे.

वाहकाला सहसा काहीही त्रास होत नाही आणि कोणतेही औषध लागत नाही. काळजी एकच : पोलीस भरतीसाठी भर उन्हात धावण्याचा सराव करणाऱ्या वाहक मुलामुलींनी पाणी भरपूर प्यावे, वेग हळूहळू वाढवावा आणि गळून गेल्यासारखे वाटताच जिद्दीला न पेटता थांबावे. रुग्णाचे आयुष्य मात्र या एका कागदाने बदलते. थंडीत ऊब, दिवसभर पाणी, ताप आला की उद्यावर न ढकलता रुग्णालय, वेळेवर लसीकरण, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने वेदनेचे झटके आणि रक्त चढविण्याचे प्रसंग कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

खरा गुंता लग्नाच्या वेळी होतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि निर्दोष असण्याची २५ टक्के असते. 'प्रत्येक' या शब्दावर आम्ही भर देतो. पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब करणारी माणसे समुपदेशन कक्षात आम्हाला वारंवार भेटतात. निसर्ग असा वाटा राखून ठेवीत नाही. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. एक जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर कोणतेही मूल रुग्ण होत नाही. येथे एक बारकावा आहे. जोडीदाराची सोल्युबिलिटी चाचणी नकारात्मक आली म्हणजे निश्चिंत होऊ नये. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. सिकल आणि थॅलेसेमिया यांचे एकेक जनुक एकत्र आले तरी मूल आजारी होते. म्हणून एक जण वाहक असेल, तर दुसऱ्याने थेट एचपीएलसीच करून घ्यावी.

पत्रिका पाहणे आपण सोडून दिले, याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र त्या जागी रक्ताचा कागद ठेवायला घरे अजून कचरतात. "आमच्या घरात तसले काही नाही," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे! मुलीच्या बाजूने तपासणीचा विषय काढला की मुलगी 'दोषी' असल्याची कुजबूज सुरू होते. मुलाची तपासणी मागणे तर अपमानच. आमच्या मते ही तपासणी स्थळे पाहण्यास आरंभ होण्याच्या किती तरी आधी, दहावी-बारावीच्या वयातच व्हावी. तोवर कोणाचे मन गुंतलेले नसते, साखरपुडा झालेला नसतो आणि आकडा हा केवळ आकडा असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. आपल्या भागातील आरोग्य केंद्राकडे त्याची चौकशी केल्यास वेगळा खर्च पडत नाही.

मित्राच्या अहवालात आणखी एक गोम होती, ती मधुमेहाची. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि त्यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मित्राचा आकडा ६.३ होता आणि अद्याप मधुमेह नाही म्हणून ते सकाळच्या चहातील दोन चमचे साखरेसह निश्चिंत होते. परंतु ही तपासणी पेशीच्या आयुष्यावर अवलंबून आहे. पेशी लवकर फुटत असतील, तर साखर चिकटण्यास अवधीच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेल रुग्णांत म्हणूनच एचबीए१सी वापरताच येत नाही. वाहकांविषयी अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर सारखीच असताना वाहकांचा एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी भरला. काही यंत्रपद्धतींत सिकल हिमोग्लोबिनमुळे मोजमापच बिघडते, ते वेगळे. याउलट लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या स्त्रियांत असा रक्तक्षय किती सर्रास आहे, हे का सांगावे लागते?

म्हणून ज्यांच्या रक्तात सिकल आहे किंवा ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी मधुमेहासाठी साध्या साखरेच्या तपासणीवर भर द्यावा. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, असा आकडा दोन वेगवेगळ्या दिवशी आला तर मधुमेह ठरतो. १०० ते १२५ ही धोक्याची पायरी. मित्राची उपाशीपोटीची साखर आम्ही दोनदा करविली : १३१ आणि १२९.

रक्तक्षयाबद्दलही थोडे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा, गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. बहुतेकांना लोहाच्या गोळ्यांनी गुण येतो. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नव्हे. आपल्याकडे नेमके उलट घडते. दोन-तीन महिने नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर गोळीला दोष देण्यापूर्वी फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचा प्रकार तपासावा. सिकलसेल रुग्णाचा रक्तक्षय पेशी फुटण्यामुळे असतो, लोहाच्या अभावामुळेच असतो असे नाही. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात तर लोह आधीच जास्त साठलेले असते. त्याला डोळे झाकून लोह देत राहणे म्हणजे आगीत तेल.

अहवाल वाचण्याची सवय लावून घेताना काही व्यावहारिक गोष्टी उपयोगी पडतात. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे काय, ते विचारावे. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, म्हणजे मागील आणि आताचा आकडा पडताळून पाहता येतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलकी असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण मुलींनी थायरॉइडच्या तपासणीआधी तसे सांगावे व दोन दिवस गोळी थांबवावी, अन्यथा काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी दिसते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्या मधुमेहींनी बी-१२ अधूनमधून पाहावे. आणि रक्तदाब! त्याला सुई लागत नाही, पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तो कोणी मोजून घेत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर शासकीय केंद्रांत विनामूल्य पाहिली जाते.

अहवालाची सर्व पाने वाचावीत, शेरे तर अवश्य वाचावेत. मोबाईलवर आलेला अहवाल छापून एका फाइलमध्ये ठेवावा. घरातील सिकलसेलचा कागद शाळेच्या दाखल्यांसोबत ठेवावा, असे आमच्या परिचारिका भगिनींचे आग्रहाचे सांगणे आहे. तो कागद मुलांना त्यांच्या लग्नाच्या वयात लागणार आहे.

मित्राच्या कन्येची तपासणी झाली. ती वाहक निघाली. मुलाकडील मंडळींनी प्रथम नकार दिला, नंतर मुलाने स्वतःच जाऊन रक्त दिले आणि तोही वाहक निघाला. दोन्ही घरे गप्प झाली. त्या दोघांना आमच्या समुपदेशक मित्राने एकत्र बसवून सर्व मांडून सांगितले : २५ टक्क्यांचा अर्थ काय, रुग्ण मुलाचे संगोपन कसे असते, गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना निदान कसे होते, त्यानंतर कोणते निर्णय समोर उभे राहतात आणि त्यांतील एकही सोपा कसा नाही. काय करावे, हे त्यांनी सांगितले नाही. दोघांनी महिनाभराचा अवधी मागून घेतला आहे. हा लेख छपाईस जाईपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही. मित्राने चहातील साखर बंद केली असून पुढील तपासणीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे.